ओलाव्यावर हलणारा, रंग दाखवणारा दोरा: कृत्रिम स्नायू घरी कसा बनवायचा

हवेतला ओलावा वाढला की आपोआप आखडणारा किंवा लांबणारा, आणि त्या हालचालीतून रंगही बदलून दाखवणारा दोरा बनवायला प्रयोगशाळा लागत नाही. सुती दोरा, ड्रिल मशीन, सायकलचा स्पोक आणि प्रेशर कुकर एवढ्यावर काम भागतं. बॅटरी, मोटर, सेन्सर काही नको. या लेखाच्या शेवटी तुमच्या हातात अशी एक वस्तू असेल, की ती कॅमेऱ्याच्या लेन्सच्या डब्यात ठेवली तर आत दमटपणा वाढल्यावर लाल दिसेल. मुंबई-कोकणात पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ती का हवी हे सांगायला नको.

हे सगळं चालतं पिळावर. दोरा कशाचा आहे याला महत्त्व आहेच, पण तो कोणत्या दिशेने पिळला आणि मग कोणत्या दिशेने गुंडाळला, यावरच तो आखडणार की लांबणार हे ठरतं. बहुतेकांचे प्रयोग इथेच फसतात, म्हणून सुरुवात कृतीने न करता पाच मिनिटांच्या निरीक्षणाने करा.

आधी एक कुसळ भिजवा

पावसाळा संपल्यावर सह्याद्रीच्या कुठल्याही गवताळ माळावरून चालून आलात की मोज्यांत कुसळं रुतलेली असतात. कुसळी गवताचं एक वाळलेलं कुसळ घ्या. त्याची शेपटी पिळलेली आणि मध्ये वाकलेली दिसेल. तळहातावर पाण्याचा थेंब टाकून त्यात ती ठेवा. थोड्याच वेळात पीळ उलगडू लागतो आणि शेपटी गोल फिरते. वाळली की पुन्हा पीळ बसतो. निसर्गात याच फिरण्यातून बी जमिनीत शिरतं. रॉबर्ट हूकने 1665 साली रानटी ओटच्या अशाच कुसळाचं वर्णन करून त्यावर आर्द्रता मोजायचं साधन सुचवलं होतं. चार्ल्स डार्विनचा मुलगा फ्रान्सिस याने 1876 मध्ये या यंत्रणेवर सविस्तर लिहिलं. म्हणजे कल्पना जुनी आहे. नवं आहे ते तिच्यातून काम करून घेणं.

कुसळ मेलेलं आहे, त्यात एकही जिवंत पेशी नाही, तरी ते फिरतं. कारण सेल्युलोजचे (वनस्पतींच्या आणि कापसाच्याही तंतूंचा मुख्य घटक) तंतू पाणी शोषल्यावर जाडीत फुगतात, लांबीत मात्र जवळजवळ वाढत नाहीत. आता असे तंतू एकमेकांभोवती पिळलेले असतील तर जाडी वाढल्यावर प्रत्येक वेढ्याला जास्त लांबी लागते. तंतूची लांबी तर तेवढीच आहे. मग दोनच वाटा उरतात: वेढे कमी होतात, म्हणजे दोरा उलट फिरतो, नाहीतर टोकं फिरू दिली नाहीत तर दोरा आखूड होतो. पावसात भिजलेली सुतळी ताणून घट्ट होते ती याच कारणाने.

साध्या दोऱ्यात हे आखडणं किरकोळ असतं. ते मोठं करण्याची युक्ती म्हणजे पिळलेल्या दोऱ्याची स्प्रिंगसारखी वेटोळी बनवणं. डॅलस इथल्या टेक्सास विद्यापीठात रे बॉमन आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये मासेमारीचा नायलॉन दोरा आणि शिवणाचा दोरा अतिपिळून असे कृत्रिम स्नायू, म्हणजे आपोआप आखडणारी वेटोळी, बनवले. ते उष्णतेवर चालत आणि तितक्याच लांबीच्या व वजनाच्या मानवी स्नायूच्या शंभरपट भार उचलत. पुढे 2019 मध्ये चीनमधल्या नानकाई विद्यापीठाच्या गटाने रेशमाच्या वेटोळ्यांत सापेक्ष आर्द्रता (हवा धरू शकते त्याच्या किती टक्के बाष्प तिच्यात आहे, ते) 20 वरून 80 टक्क्यांवर नेल्यावर 70 टक्के आकुंचन मिळवलं. घरी 70 टक्के मिळणार नाहीत. 15-20 मिळाले तरी कामाला पुरतात.

कोणता दोरा

बाजारात ‘शिवणाचा दोरा’ म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा पॉलिस्टर असतो, आणि पॉलिस्टर इथे बिनकामाचा. 65 टक्के आर्द्रतेच्या हवेत पॉलिस्टर स्वतःच्या कोरड्या वजनाच्या जेमतेम 0.4 टक्के पाणी धरतं. कापूस साधारण 8.5, रेशीम 11 आणि व्हिस्कोस रेयॉन 13 टक्के. लेबलवर विश्वास ठेवण्यापेक्षा एक तुकडा चिमट्यात धरून जाळा. कापूस आणि रेयॉन जळलेल्या कागदासारखा वास देतात व मऊ राख उरते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. वितळून टोकाला कडक मणी झाला तर तो दोरा परत करा.

पहिल्या प्रयत्नाला शंभर टक्के सुती दोरा घ्या: स्वस्त, मजबूत आणि चुका सोसणारा. मशीन एम्ब्रॉयडरीचा रेयॉन दोरा जास्त फुगतो, पण ओला झाल्यावर त्याची ताकद बरीच घटते, त्यामुळे वजन टांगताना तुटतो. रेशीम सर्वांत देखणं काम करतं. येवल्याकडे कुणी पैठणी विणणारे ओळखीचे असतील तर त्यांच्याकडे डिंक काढलेल्या रेशमाचा थोडा धागा मागा. तो मिळेपर्यंत सुतावर हात बसवून घ्या.

आता एक पायरी जी सगळे गाळतात. शिवणाच्या दोऱ्यावर सुई गरम होऊ नये म्हणून मेण किंवा सिलिकॉनचा थर दिलेला असतो. तो पाणी आत जाऊ देत नाही. सुती दोऱ्याची लडी चमचाभर धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घातलेल्या पाण्यात 20-25 मिनिटं उकळा, दोन-तीनदा स्वच्छ पाण्यातून काढा, वाळवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो लगेच आत शोषला गेला पाहिजे. थेंब वर बसून राहिला तर पुन्हा उकळा. रेशमाला सोडा लावू नका, सौम्य साबणाचं कोमट पाणी पुरे.

पीळ देणं

चार पदर एकत्र घ्या, प्रत्येकी साधारण 1 मीटर आणि काही बोटं जास्त. चारही पदरांवर सारखा ताण असू द्या, नाहीतर एक पदर बाहेर लूप काढून बसतो आणि शेवटपर्यंत त्रास देतो. वरचं टोक ड्रिलच्या चकमध्ये पकडा. खालच्या टोकाला पाण्याची लहान बाटली बांधा आणि बाटली-पाणी मिळून 200 ग्रॅम करा. बाटलीचा फायदा असा की वजन पाणी ओतून कमी-जास्त करता येतं. बाटलीला आडवी फूटपट्टी बांधून ती दोन खुर्च्यांच्या पायांत अडेल अशी ठेवा. बाटली वर सरकली पाहिजे, फिरता कामा नये. ड्रिल एकाने धरायचं, बाटलीवर लक्ष दुसऱ्याने ठेवायचं. डोळ्यांवर चष्मा असू द्या, कारण ताणलेला दोरा तुटला की टोक चाबकासारखं येतं.

दिशा ठरवण्यासाठी बाजारातला साधा स्क्रू उभा धरून पाहा. त्याचे आटे डावीकडून उजवीकडे वर चढतात. बहुतेक शिवणाच्या दोऱ्यांचा मूळ पीळ याच दिशेचा असतो. ड्रिल अशा दिशेने फिरवा की तो पीळ आणखी घट्ट होईल. उलट फिरवलंत तर पदर आधी सुटे होतात आणि मेहनत दुप्पट. पीळ कुठल्या दिशेचा दिला ते वहीत लिहा. पुढे याच नोंदीवर सगळं अवलंबून आहे.

हळू फिरवा. बाटली वर चढू लागेल. चार पदरांची जाडी मिळून अर्धा मिलिमीटर असेल तर मीटरमागे 400 च्या आसपास फेरे लागतात, पण फेरे मोजत बसण्यापेक्षा लांबी पाहा: 1 मीटरचा दोरा सुमारे 85 सेंमीवर आला की थांबा. याआधीच दोरा स्वतःवर गुंडाळून गाठी घालू लागला तर वजन कमी पडतंय, बाटलीत पाणी वाढवा. तुटत असेल तर कमी करा. ड्रिल नसेल तर टकळीनेही होतं, वेळ लागतो आणि हात दुखतो एवढंच. पीळ मात्र जास्त सारखा बसतो असं माझं मत आहे.

ड्रिल थांबवल्यावर दोन्ही टोकांना ताण सोडायच्या आधी बाइंडर क्लिप लावा. इथे एक क्षण हात सैल पडला की सगळा पीळ उलगडून जमिनीवर.

वेटोळी: इथे निर्णय घ्या

स्टेनलेस स्टीलच्या सायकल स्पोकचा 15 सेंमीचा तुकडा घ्या. स्पोक साधारण 2 मिलिमीटर जाड असतो, आपल्याला तेवढाच हवा. जास्त जाड दांडीवर गुंडाळलं तर हालचाल मोठी पण ताकद कमी, बारीक दांडीवर उलट.

वेटोळी पिळाच्याच दिशेची घातली, म्हणजे दोऱ्याचा पीळ स्क्रूच्या आट्यांसारखा आणि वेटोळीही तशीच, तर ओलावा मिळाल्यावर वेटोळी एकमेकांजवळ ओढली जातात आणि स्नायू आखडतो. वजन उचलायचं असेल तर हीच रचना. वेटोळी पिळाच्या उलट दिशेने घातली तर ओलाव्याने स्नायू लांबतो. दोरा तोच, वजन तेच, फक्त गुंडाळायची दिशा वेगळी. कारण असं की भिजलेला दोरा पीळ सोडू पाहतो, पण टोकं अडकलेली असल्याने तो सुटलेला पीळ वेटोळ्यांत शिरतो. दिशा जुळली तर वेटोळी घट्ट होतात, नाही जुळली तर सैल पडतात.

आखडणाऱ्या स्नायूला कोरडेपणी वेटोळ्यांत फट हवी, नाहीतर आखडायला जागाच नाही. त्यासाठी अर्धा मिलिमीटर जाडीचा नायलॉन दोरा सोबत जोडीने गुंडाळा आणि पुढे वाफेने वेटोळ्यांचा आकार पक्का (सेट) होऊन वाळल्यावर तो काढून घ्या, फट एकसारखी मिळते. लांबणाऱ्या स्नायूची वेटोळी चिकटून घालायची. 85 सेंमी दोऱ्यात सुमारे शंभर वेटोळी होतात: फटीसह 10-11 सेंमी, चिकटून 5-6 सेंमी. दोन्ही टोकं तांब्याच्या बारीक तारेने स्पोकलाच घट्ट बांधा. आता त्या नायलॉन दोऱ्याखेरीज प्लास्टिकचं काही लावलं असेल तर काढा.

सूतगिरण्यांत जास्त पिळाचा धागा शांत करायला वाफ देतात. आपण कुकर वापरू. तळाशी पाणी, त्यावर जाळी, जाळीवर स्पोक, पाण्याला न टेकता. पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर 15 मिनिटं. गॅस बंद करून कुकर आपोआप थंड होऊ द्या, मग स्पोक बाहेर काढून टोकं न सोडता पूर्ण दिवसभर वाळवा. दमट हवेत पंख्याखाली दोन दिवस लागले तरी घाई नको. अर्धवट वाळलेला दोरा सोडला तर आकार धरत नाही. सूत रेशमाइतकं पक्कं सेट होत नाही, म्हणून थोडी वेटोळी सुटतीलच.

टांगणं आणि सरावणं

वरचं टोक स्टँडला बांधा. खालच्या टोकाला पेपरक्लिप आणि त्यात वॉशर मिळून 5 ग्रॅम. पेपरक्लिपची एक बाजू सरळ करून बाहेर काढा आणि ती शेजारच्या उभ्या तारेला टेकून सरकेल अशी ठेवा, म्हणजे टोक वर-खाली होईल पण फिरणार नाही. हा अडसर नसेल तर वजन नुसतं गरगर फिरतं, लांबी जवळपास तीच राहते, आणि काही काळाने पीळ संपून जातो. (फिरणंच हवं असेल तर ती गोष्ट वेगळी: न गुंडाळलेला पिळलेला दोरा मधोमध दुमडा, दोन्ही अर्धे एकमेकांवर आपोआप गुंडाळले जातील. अशा दुपदरी दोऱ्याच्या सुट्या टोकाला हलकं कागदी पातं लावून त्यावर श्वास सोडा. पीळ-उलटपीळ एकमेकांना तोलून धरत असल्याने तो उलगडून जात नाही. मुलांना दाखवायला याच्यासारखं दुसरं काही नाही.)

पहिल्या काही वेळा सूत कायमचं आटतं आणि आकडे भरकटतात. म्हणून मोजमापाआधी 10-15 वेळा ओलं-कोरडं करून घ्या: अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायरचं गार धुकं, मग हेअर ड्रायरची थंड हवा. गरम वाफ वापरू नका, नाहीतर काम उष्णतेने झालं की ओलाव्याने हे कळणार नाही. सारख्या दोन फेऱ्यांत लांबी एकाच खुणेवर परत येऊ लागली की स्नायू तयार.

मागे पट्टी लावून मोबाइलवर टाइमलॅप्स घ्या. समजा 5 ग्रॅम वजन 2 सेंमी उचललं, तर काम झालं सुमारे 0.001 ज्यूल. चार पदरांचा मीटरभर दोरा साधारण 0.12 ग्रॅम भरतो, म्हणजे किलोमागे 8 ज्यूल. सस्तन प्राण्यांच्या स्नायूंचा नेहमी सांगितला जाणारा आकडा 8 च्याच आसपास आहे, कमाल 40 पर्यंत. शिवणाच्या दोऱ्यासाठी हे वाईट नाही. वेगात मात्र स्नायू सहज जिंकतो, कारण इथे पाणी तंतूंच्या आत झिरपावं लागतं आणि झिरपण्याचा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो: दुप्पट जाड दोरा, चौपट वेळ. भार वाढवायचा असेल तर एक जाड स्नायू न करता बारीक स्नायू शेजारी शेजारी टांगा.

रंग

रंगासाठी लोक पहिलं नाव घेतात कोबाल्ट क्लोराइडचं: कोरडं असताना निळं, ओलं झाल्यावर गुलाबी. ते खरंच छान बदलतं, पण विषारी आहे, त्वचेला ॲलर्जी आणतं, आणि त्याची धूळ श्वासात जाणं कर्करोगाच्या दृष्टीने धोक्याचं मानलं जातं. घरात, मुलांच्या हाती, किंवा अंगावर घालायच्या कापडावर ते नको. रसायनच हवं असेल तर कोबाल्टविरहित आर्द्रता दर्शक कार्ड विकत मिळतं, ते बाजूला ठेवून तुलना करा.

निसर्गात रंगद्रव्य न बदलताही रंग बदलतो. हर्क्युलस भुंग्याचं पिवळट-हिरवं कवच दमट हवेत काळं दिसतं, कारण आतल्या सच्छिद्र थरात पाणी भरलं की प्रकाशाचं परावर्तन बदलतं. सेल्युलोजच्या नॅनोस्फटिकांची (अतिसूक्ष्म स्फटिकांची) पातळ फीत पाण्याने फुगली की तिच्यातल्या थरांमधलं अंतर वाढतं आणि रंग निळ्याकडून लाल बाजूला सरकतो. हे स्फटिक कापसातून काढायला तीव्र सल्फ्युरिक आम्ल लागतं, तेव्हा ते घरी करायच्या भानगडीत पडू नका. महाविद्यालयात असाल तर औषधी गोळ्यांत वापरतात ते हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज पाहा: पाण्यात 60-70 टक्के प्रमाणात मिसळलं की त्यातून झळाळते रंग उमटतात, पाणी वाढलं की लालकडे, कमी झालं की निळ्याकडे. ढवळायला आणि बुडबुडे जायला दिवस लागतात, धीर हवा.

आपल्या डब्यासाठी मात्र मला त्याहून साधी वाट आवडते. लांबणारा, म्हणजे उलट दिशेने गुंडाळलेला पांढरा स्नायू घ्या. त्याच्या पोकळीतून लाल रंगाची सिंगल कोअर (आत एकच तार असलेली) वायर सरळ करून घाला, सव्वा मिलिमीटरपेक्षा जाड नको. वायर फक्त वरच्या आधाराला पक्की, खाली मोकळी, आणि वेटोळ्यांना न घासणारी. कोरड्या हवेत वेटोळी मिटलेली, सगळं पांढरं. दमट हवेत वेटोळी उघडतात आणि फटींतून लाल दिसू लागतं. इथे वजन हलकं ठेवा, 2 ग्रॅमही पुरे, कारण ओलं सूत मऊ पडतं आणि जड वजनाने ताणलेली वेटोळी वाळल्यावर पूर्ण मिटत नाहीत.

डब्यात बसवणं

खुणा केल्याशिवाय हे खेळणंच राहील. हवाबंद डब्यात वाटीभर मीठ घेऊन त्यात पाणी इतकंच घाला की ओल्या वाळूसारखा लगदा होईल. असा लगदा 25 अंशांना डब्यातली आर्द्रता 75 टक्क्यांवर धरून ठेवतो. याच डब्यात स्वस्त डिजिटल आर्द्रतामापक ठेवला तर तो किती खोटं बोलतो हेही कळतं. मॅग्नेशियम क्लोराइडचा तसाच लगदा 33 टक्के देतो. प्रत्येक डब्यात स्नायू रात्रभर टांगून वॉशर कुठे थांबला त्याची खूण मागच्या पट्टीवर करा. दोन खुणांच्या मधला भाग अंदाजाने वाटून घेता येतो, फक्त एक भान ठेवा: ओल्याकडून कोरड्याकडे येताना सूत थोडं मागे रेंगाळतं, त्यामुळे त्याच आर्द्रतेला दोन किंचित वेगळ्या जागा दिसतील. खूण नेहमी कोरड्याकडून ओल्याकडे जातानाची घ्या, कारण आपल्याला इशारा त्याच दिशेचा हवा आहे.

लेन्ससाठी 40 ते 50 टक्के आर्द्रता चांगली. 65 च्या वर बुरशीला वाव मिळतो. तेव्हा वॉशर 60 च्या अंदाजी खुणेवर आला किंवा लाल ठळक दिसू लागलं की डब्यातलं सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) काढून भाजून घ्यायचं. डबा किमान 15 सेंमी उंच आणि पारदर्शक हवा, स्नायू झाकणाला न टांगता बाजूच्या भिंतीला टांगा, नाहीतर प्रत्येक वेळी झाकण उघडताना खुणा हलतात.

हा प्रयोग जुलैत कोकणात उघड्यावर केला तर दोरा आधीच पाण्याने भरलेला असतो आणि जवळपास हलतच नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळी हवेत तोच दोरा श्वासानेही उडी मारतो. पावसाळ्यात सगळी चाचणी सिलिका जेलच्या डब्यातच करा. दर मोसमाच्या सुरुवातीला मिठाच्या डब्यात एक रात्र टांगून 75 ची खूण तपासा. ती सरकली असेल तर नवी करा. वेटोळ्यांवर काळे ठिपके दिसले तर ती सुताला लागलेली बुरशी आहे, तो स्नायू लेन्सजवळ न ठेवता फेकून द्या आणि उरलेल्या उकळलेल्या दोऱ्यातून दुसरा पिळा.